जोडप्यांचा रविवार

"तुम्ही माझ्या पायावर उभे आहात," मी म्हटलं.

"माफ करा..." तो घाईघाईने म्हणाला, बाजूला सरकला, आणि दुसऱ्या पायावर उभा राहिला. तोही माझाच होता.

मी मान वर करून पाहिलं. उंच, सावळा, पावसाने निथळणारा. एका खांद्यावर पोतं, पाठीला बांधलेली लांबलचक काठी, दुसऱ्या हातात फोन. फोनकडे तो असा बघत होता, जणू त्यातून आत्ता कुणीतरी बाहेर येणार आहे.

पुएर्तो प्लाताच्या बेसबॉल स्टेडियमबाहेर तिकिटांची रांग होती. डिसेंबरातला रविवार, दुपारचा एक. समुद्राकडून ढग येत होते, एक सर टाकून डोंगराकडे जात होते, आणि मागून दुसरे येत होते. साखळीतला शेवटचा सामना. आमचे पेलिकानोस जिंकले तर पुढच्या फेरीत, हरले तर घरी. गेल्या तीन आठवड्यांत ते इतके हरले होते की स्टेडियम भरायला क्लबने खिडकीवर पाटी लावली होती –

आज जोडप्यांचा रविवार. एका तिकिटावर दुसरं मोफत. दोघांनीही हजर असावं.

माझी जोडी म्हणजे माझी मामेबहीण मिलेडी. ती बारा वाजता फोन करून म्हणाली होती, "युडे, रागावू नकोस, पण त्याने मला समुद्रावर बोलावलंय." पावसात समुद्रावर! अशा मुलीला काय सांगणार? महिनाअखेर होती. पूर्ण तिकीट परवडण्यासारखं नव्हतं. घरी जाऊन रेडिओ लावावा, एवढाच मार्ग दिसत होता. तेवढ्यात हा माझ्या पायांवर आला.

"काका, हॅलो?... काका?..." तो फोनवर म्हणत होता. "पुलावरून पाणी?... किती?... मग मी काय करू?... हॅलो?"

फोन बंद पडला. त्याने डोळे मिटले. इतका हताश चेहरा मी फक्त हरणाऱ्या पिचरचा पाहिला होता.

"तुमचीही जोडी आली नाही वाटतं," मी म्हटलं.

"काका होता."

"काकाबरोबर जोडप्यांच्या तिकिटावर?"

"पाटीवर नवरा-बायको लिहिलेलं नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच थोडा हसला. एका गालाला खळी पडली. एकाच. दुसरी बहुतेक पावसात वाहून गेली असावी.

"पण खिडकीत दोन्या सुनिल्दा आहे," मी म्हटलं. "आत्ताच तिने दोन चुलतभावांना आणि एका आजी-नातवाला परत पाठवलंय. क्लबच्या पाटीपेक्षा तिचा कायदा मोठा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे. रांग पुढे सरकली.

"तुम्ही..." तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "फक्त तिकिटापुरतं."

दोन्या सुनिल्दाच्या – दोन्या म्हणजे बाईसाहेब – डोक्यात गुलाबी कर्लर होते आणि नजरेत मॅजिस्ट्रेटचा करडेपणा. तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोण तुम्ही एकमेकांचे?"

"नवरा," तो म्हणाला.

"साखरपुडा झालाय," मी म्हणाले. एकाच वेळी.

"नक्की काय?"

"साखरपुडाच झालाय. पण याला घाई झालीये."

"नाव काय याचं?"

माझी जीभ टाळ्याला चिकटली. ही गोष्ट माझ्या आयुष्यात फार वेळा घडलेली नाही. मागून, अगदी कानापाशी, हळूच आवाज आला – "अरिस्मेंडी."

"अरिस्मेंडी!" मी ओरडले.

"आणि हिचं?" सुनिल्दाने त्याला विचारलं.

माझ्या गळ्यात नावाचं सोनेरी लॉकेट असतं. अक्षरं बारीक आणि वळणदार. ती वाचायला त्याला वाकावं लागलं, आणि हवा त्यापेक्षा जरा जास्तच वेळ लागला.

"युडेल्का," तो म्हणाला. माझं नाव इतक्या सावकाश, इतक्या जपून कुणी घेतलेलं मला आठवत नव्हतं.

"आम्ही उजवीकडच्या उघड्या स्टँडमध्ये बसू," तो पुढे म्हणाला. "तुम्हाला चालेल ना?" हे मला.

सुनिल्दाने पेन खाली ठेवलं. "साखरपुडा झालाय आणि 'तुम्हाला'?"

"भांडण झालंय आमचं," मी लगेच म्हटलं. "भांडण झालं की आम्ही 'तुम्ही'वर येतो."

"मग आधी भांडण मिटवा. मागे रांग आहे."

त्याने माझा हात हातात घेतला. गार, ओला, बोटांना काळं ग्रीस लागलेला हात. धरला मात्र असा, की जोरात धरलं तर काहीतरी फुटेल. सुनिल्दाने तिकिटं फाडून पुढे सरकवली आणि माझ्याकडे वाकून म्हणाली, "पोरी, याला सोडू नकोस. खोटं बोलताना कान लाल होणारे पुरुष आता मिळत नाहीत."

मी पाहिलं. कान खरंच लाल होते.

आत गेल्यावर हात सोडायचं आम्हा दोघांच्याही लक्षात राहिलं नाही... जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत.

वरच्या ओळीत बसताच त्याने पोतं उघडलं. आत गाडीची बॅटरी, एक पेटी आणि हेडफोन. पाठीवरची काठी म्हणजे अँटेना निघाली. ती त्याने रेलिंगला बांधली आणि डोंगराच्या दिशेने वळवली.

"चोर आहात की हेर?" मी विचारलं.

"रेडिओ," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून पूर्ण हकीकत काढायला मला दहा मिनिटं आणि दोन पुड्या शेंगदाणे लागले. पालो ब्लांको नावाचं डोंगरातलं त्याचं गाव. तिथे आणि आसपासच्या एकोणीस वाड्यांत ऐकू जाणारं त्यांचं छोटंसं रेडिओ केंद्र. लिसिन्यो काका सामन्याचं वर्णन करायचा, अरिस्मेंडी यंत्रं सांभाळायचा. क्लबने परवानगी दिली होती, पण खोली दिली नव्हती. म्हणून दोघं तिकीट काढून लोकांतच बसायचे. आजचा सामना महत्त्वाचा होता, कारण पेलिकानोसमध्ये पालो ब्लांकोचा पोरगा होता – वास्कर, एकोणीस वर्षांचा, पहिलाच हंगाम. कालपासून वादळाने डोंगरातली वीज गेलेली, टॉवर आडवा झालेला, टीव्ही नाही की फोन नाही. केंद्र जनरेटरवर चालू होतं आणि लोक बॅटरीवरचे रेडिओ घेऊन बसले होते. आणि काका नदीपलीकडे मिनीबसमध्ये अडकला होता.

"मग तुम्ही बोला की!"

"मी बोललो तर लोकांना वाटेल रेडिओ बंद पडलाय."

मला हसू आलं. त्यालाही. मग मैदानावर पहिला चेंडू पडला आणि मी त्याला विसरले. मला बेसबॉल दिसला की माझं तोंड आपोआप सुरू होतं. बाबांनी लहानपणी मला याच स्टँडमध्ये खांद्यावर बसवून खेळ शिकवला, आणि नंतर मी अंबरचे पिवळे खडे पॉलिश करण्याच्या कारखान्यात लागले. दिवसभर मशीनची घरघर. तिच्यावर आवाज चढवून बोलायची सवयच लागली. ज्याच्याशी माझं खरोखर लग्न ठरलं होतं, तो ते मोडताना म्हणाला होता, "तुझ्याबरोबर संसार म्हणजे उशाशी रेडिओ लावून झोपणं." आई म्हणते, "युडे, जरा गप्प राहायला शिक, नाहीतर तुला कोण करून घेणार?"

"अरे, त्याचा खांदा बघा!" मी ओरडत होते. "पिचरचा खांदा उतरलाय, आता हा वळणारा चेंडू टाकणार... टाकला! आणि बॅटरने हवेला झाडू मारला! आता पुढचा... ए अंपायर, चष्मा घाल, तो स्ट्राइक होता! तुझ्या आईने तुला हेच शिकवलं का?"

माझ्या कानांवर काहीतरी मऊ येऊन बसलं. हेडफोन. ओठांसमोर मायक्रोफोन. अरिस्मेंडी माझ्यापुढे गुडघ्यावर बसून त्याची तार सरळ करत होता.

"हे काय?"

"बोला."

"मी? मला आजवर 'गप्प बस' सोडून कुणी काही म्हटलेलं नाही."

"मी म्हणतोय," तो म्हणाला. "बोला."

त्याने बटण दाबलं. पेटीवर लाल दिवा लागला. आणि मी... घशात शेंगदाणा, छातीत ढोल... डोंगराकडे पाहिलं. ढगांत अर्धा बुडालेला तो डोंगर. त्याच्यामागे कुणीतरी रेडिओला कान लावून बसलं होतं.

"नमस्कार, पालो ब्लांको," मी म्हणाले. "लिसिन्यो काका पुलापलीकडे अडकलेत. ते येईपर्यंत मी युडेल्का. माझा आवाज मोठा आहे. रेडिओ जरा लांब ठेवा."

माइक चालू असताना त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून तो लिहायचा. स्कोअर लिहायच्या कागदाच्या पाठीमागे, जाड पेन्सिलने. पहिली चिठ्ठी आली – "स्कोअर सांग. विसरलीस."

तोंडाने तो अजून 'तुम्ही' होता. कागदावर मात्र पहिल्याच ओळीत 'तू'वर आला होता.

दुसरी – "अंपायरच्या आईला सोड."

तिसरी – "छान. खूप छान." 'खूप'खाली दोन रेघा.

चौथ्या इनिंगपर्यंत माझी भीती पळाली होती. आम्ही तीन-एकने मागे होतो. समोरचा संघ, दक्षिणेकडचे कान्येरोस, चांगलाच खेळत होता. वास्कर अजून बाकावरच बसलेला. मी त्याच्या गावाला सांगितलं की तो बसलाय, पण पाय हलवतोय, आणि ज्याचे पाय हलतात त्याच्या मनात काहीतरी शिजत असतं. अरिस्मेंडीने लिहिलं – "त्याची आई ऐकत असेल. ओतिलिया." मी म्हणाले, "दोन्या ओतिलिया, तुमच्या पोराने टोपी उलटी घातलीये. घरी गेल्यावर रागवा."

पाचव्या इनिंगला आभाळ फाटलं.

पाऊस असा आला की पलीकडचं स्टँड दिसेनासं झालं. खेळाडू पळाले. दहा-बारा माणसं भलीमोठी ताडपत्री ओढत मैदानावर धावली, त्यातली निम्मी घसरून आडवी झाली. स्टँडमध्ये कुणीतरी पत्र्याची गुइरा खरवडायला लागलं, त्यावर ताम्बोरा ढोल वाजू लागला, आणि लोक ओले होत नाचू लागले. अरिस्मेंडीने प्लास्टिकचा कागद काढून यंत्रावर पसरला, आणि उरलेला आमच्या दोघांच्या डोक्यावर. कागद लहान होता. फारच लहान.

चिठ्ठी आली – "थांबू नकोस. थांबलीस तर वाटेल बॅटरी संपली."

"मित्रांनो, खेळ थांबलाय," मी म्हणाले. "आता मी काय सांगू? पाऊस पडतोय. तो तुमच्याकडेही पडतोय. मग मी तुम्हाला शेजारच्या माणसाबद्दल सांगते. नाव तुम्हाला माहीत आहे. हा तुमचा अरिस्मेंडी. एका तासात सत्तावीस शब्द बोललाय, मी मोजलेत. त्यातले सहा 'माफ करा' होते."

त्याने डोक्याला हात लावला.

"आत्ता तो लाजतोय. कान लाल झालेत. पालो ब्लांकोच्या मुलींनो, याला लाजताना पाहिलंय का तुम्ही? नसेल, तर उशीर केलात."

त्याने पेन्सिल उचलली, थांबला, मग लिहिलं – "आई ऐकतेय."

"अगं बाई! याची आईही ऐकतेय. दोन्या, नमस्कार! मुलगा चांगला आहे. शेंगदाण्यातला अर्धा वाटा मला देतो. फक्त याला सांगा, माणसाच्या पायावर उभं राहू नये."

मी मनात येईल ते बोलत होते. ताडपत्रीवरच्या तळ्यात पोहणाऱ्या एका बदकाबद्दल, आपल्या टोपलीतल्या यानिकेकेच्या गरम पुऱ्या छत्रीखाली झाकून स्वतः भिजणाऱ्या विक्रेतीबद्दल, बाबांच्या खांद्यावरून पहिल्यांदा पाहिलेल्या मैदानाबद्दल. प्लास्टिकवर पाऊस ताडताड वाजत होता. त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकला होता आणि दोघांपैकी कुणीही तो काढत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या ओळीतून एक जाडा आवाज आला. "ए बाई! बंद कर ना ते तोंड! तासभर कान खातेयस. बेसबॉल काय बायकांनी सांगायचा असतो?"

काही लोक हसले.

मी थांबले. खरंच थांबले. इतका वेळ जे शब्द आपोआप येत होते, ते कुठे गेले कोण जाणे. मायक्रोफोनमध्ये फक्त पाऊस जात होता. मला आईचा चेहरा दिसला, लग्न मोडणाऱ्याचा दिसला. वाटलं, हेडफोन काढावेत आणि निघून जावं.

अरिस्मेंडी उठला. प्लास्टिकबाहेर, पावसात. मागे वळला आणि म्हणाला, "साहेब, हिचा आवाज आत्ता एकोणीस वाड्यांत ऐकताहेत. वीज नाही, फोन नाही, फक्त ही आहे. तुमचा आवाज तीन खुर्च्यांपलीकडे जात नाही. तेव्हा गप्प कुणी बसायचं, तुम्हीच ठरवा."

अख्खी ओळ हसली. या वेळी त्या माणसाला. यानिकेकेवाली टाळ्या वाजवत ओरडली, "बोल, माझ्या राणी, बोल! त्याला आम्ही बघतो!"

तो परत माझ्याशेजारी बसला.  कागद भिजून लगदा झाला होता, म्हणून तो बोलला. माइक चालू होता तरी बोलला, अगदी हळू – "थांबू नकोस."

मी मोठा श्वास घेतला. "पालो ब्लांको," मी म्हणाले, "मघाचे सत्तावीस विसरा. तुमच्या पोराचं खातं आत्ता एकदम वर गेलं."

चाळीस मिनिटांनी पाऊस थांबला. ताडपत्री निघाली, मैदानावर लाकडाचा भुसा टाकला, आणि खेळ पुन्हा सुरू झाला. सातव्या इनिंगला आम्ही एक धाव काढली. तीन-दोन. आठवी कोरडी गेली. नवव्या इनिंगला, शेवटच्या पाळीत, आमचे दोघं लागोपाठ बाद झाले. लोक उठायला लागले. मग एकाला चार चेंडू बाहेर पडल्याने फुकट बेस मिळाला. पुढच्या बॅटरचा चेंडू टप्पा खाऊन क्षेत्ररक्षकाच्या हातातून निसटला. दुसऱ्या बेसवर एक, पहिल्या बेसवर आमचा कॅचर – गोर्दो म्हणतात त्याला, जाडा. धावतो तेव्हा मैदानाची दया येते.

उठलेले लोक परत बसले. बाकावरून कुणीतरी उभं राहिलं.

अरिस्मेंडीने माझं मनगट धरलं.

"टोपी सरळ केलीये!" मी ओरडले. "दोन्या ओतिलिया, तुमच्या पोराने टोपी सरळ केलीये, आता हेल्मेट घालतोय. वास्कर बॅट घेऊन येतोय! पालो ब्लांको, उभे राहा! दोन बाद, तीन-दोन, नववी इनिंग. हा चुकला तर हंगाम संपला."

पहिला चेंडू – स्ट्राइक. दुसरा – स्ट्राइक. तिसऱ्याला बाद.  समोर पाण्याची बाटली आली, झाकण उघडलेली. मी पाहिलंसुद्धा नाही, घोट घेतला.

तिसरा चेंडू बाहेर. चौथा बाहेर. मग पिचर थांबला. आभाळात ढगांना एक फट पडली होती आणि तिरपं ऊन ओल्या गवतावर उतरलं होतं. मी तेही सांगितलं. डोंगरात बसलेल्या बाईला आपल्या मुलाच्या अंगावर ऊन पडलंय हे कळायला हवं, असं मला वाटलं.

"पिचरचा खांदा उतरलाय... बघ वास्कर, खांदा बघ, वळणारा आहे... टाकला – मारला! मारला! दोघांच्या मधून गेला, डावीकडे, गवतावरून घसरत चाललाय, भिंतीपर्यंत! पहिला घरी आला, तीन-तीन! आणि गोर्दो पळतोय! तिसऱ्या बेसला थांबायला सांगताहेत, तो थांबत नाहीये! आल्ताग्रासिया माते, याला पाय दे! चेंडू आला... घसरला... चिखल... काही दिसत नाही... अंपायर वाकलाय... वाकलाय..."

अंपायरने दोन्ही हात पसरले.

"सेफ! सेफ! सेफ! चार-तीन! जिंकलो, पालो ब्लांको, आपण जिंकलो! तुमच्या पोराने जिंकून दिलं!"

अख्खं स्टँड हवेत होतं. शिट्ट्या, ढोल, झेंडे. वास्कर चिखलात आडवा, त्याच्यावर सगळा संघ. मी ओरडत होते, रडत होते, आणि एकदम माइकवर एक हात आला. ग्रीसने काळा हात. त्याने माइक मुठीत पूर्ण झाकून टाकला.

"युडेल्का," अरिस्मेंडी म्हणाला. चेहरा अगदी जवळ. "काका पुढच्या रविवारी येईल. मग तू नसशील, आणि... मला ते नको आहे. माझ्याशेजारी तू हवीस. रेडिओसाठी नाही. रेडिओ नसला तरी. मला तू आवडतेस... खूप. मी हे नंतर सांगू शकणार नाही, मला ठाऊक आहे, म्हणून आत्ताच सांगतोय."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात पेटीवरचा दुसरा दिवा लुकलुकला. डोंगरावरच्या केंद्रातून विचारत होते – आवाज का गेला? त्याने हात काढला. लाल दिवा माझ्याकडे बघत होता.

आणि मला पुढचं वर्णन करावं लागलं! वास्करला खांद्यावर घेतलं, त्याचे बूट हरवले, बँड मैदानात उतरला. बोलत होते मी, पण माझ्या शब्दांत काय होतं ते मला आजही आठवत नाही. शेजारी तो तारा गुंडाळत होता. एकच तार तीन वेळा गुंडाळली त्याने.

दिवा विझला तेव्हा मी त्याच्याकडे वळले. "अरिस्मेंडी, मला–"

"कुठे आहे? ती पोरगी कुठे आहे?"

जिन्यातून एक म्हातारा धापा टाकत वर येत होता. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, बूट हातात. लिसिन्यो काका. त्याने मला पाहिलं, हेडफोन पाहिले, आणि सरळ माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

"मिनीबसमध्ये वीस माणसं होती," तो म्हणाला. "आठव्या इनिंगला पाणी उतरलं. ड्रायव्हर गाडी हलवेना! म्हणाला, इंजिनाच्या आवाजात बाई ऐकू येणार नाही. मीच तेवढा उतरलो आणि कानाला रेडिओ लावून चालत आलो; बाकी एकही उतारू उतरला नाही, पोरी. तीस वर्षं मी वर्णन करतोय, मला असं ऊन दाखवता आलं नाही कधी. पुढच्या रविवारी वर्णन तूच करायचं. मी शेजारी बसून आकडे सांगेन. माझा घसाही आता तेवढाच राहिलाय."

मी अरिस्मेंडीकडे पाहिलं. त्याला वाटणारी भीती आता उरलीच नव्हती. मी पुढच्या रविवारी येणारच होते. पण त्याने विचारलेलं त्याहून मोठं होतं, आणि त्याला उत्तर मिळालं नव्हतं. तो बॅटरी उचलून खाली मान घालून उभा होता.

एक मिनिट थांबा म्हटलं, पण काकाने ऐकलंच नाही. बाहेर गावातल्या कुणाचीतरी पिकअप होती, तिच्यात मला चढवलं. "तास-दीड तासाची वाट. तुला घेऊन या म्हणून ओतिलियाचा निरोप येणारच, तो यायच्या आधीच जाऊ." मी पुढे, काकाशेजारी. अरिस्मेंडी मागे, यंत्रं सांभाळत. आरशात त्याचे वाऱ्याने उडणारे केस दिसत होते. काका वाटभर बोलत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी बोलू देत नव्हतं, आणि तेही आज!

पालो ब्लांकोला पोचलो तेव्हा सूर्य नुकताच डोंगराआड गेला होता. रस्त्यावर गाव उभं होतं. भांडी, डबे, झाकणं – जे वाजेल ते वाजवत. चौकात मोठ्या पातेल्यात सान्कोचो, मांस-कंदांचा दाट रस्सा, रटरटत होता. पिकअप थांबायच्या आत एक बारीकशी बाई चाकाजवळ आली, मला खाली ओढून घट्ट मिठीत घेतलं. 

"ऊन पडलं होतं ना त्याच्यावर?" तिने विचारलं.

"पडलं होतं, दोन्या ओतिलिया. अगदी चेहऱ्यावर."

मग दुसरी एक बाई पुढे आली. उंच, सावळी, कमरेवर हात. हसली तेव्हा एका गालाला खळी पडली. ओळख करून द्यायची गरजच नव्हती.

"तू युडेल्का," अरिस्मेंडीची आई म्हणाली. "मला एक सांग. सेफ झाल्यावर रेडिओ गप्प झाला. चांगले पंधरावीस आकडे मी मोजले. सगळं गाव भांडी बडवत होतं, मी मात्र रेडिओच ऐकत होते. काय झालं होतं तेव्हा? बॅटरी?"

भांडी थांबली. मी अरिस्मेंडीकडे पाहिलं. तो पिकअपच्या मागच्या फळीवरून उतरत होता, उतरता उतरता थांबला.

"बॅटरी नाही, आई," तो म्हणाला. "मी माइकवर हात ठेवला होता."

"का रे?"

"हिला काहीतरी सांगायचं होतं."

"काय?"

तो खाली उतरला. गावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कान लाल होते, पण नजर हलली नाही. "की ती मला आवडते," तो म्हणाला. मोठ्याने. एका दमात. माझ्या मागे कुणाच्या तरी हातातलं झाकण खाली पडलं.

"आणि ती काय म्हणाली?" काकाने विचारलं.

"तिला बोलायला वेळच मिळाला नाही," अरिस्मेंडी म्हणाला. "आणि वाटेत तुम्ही मिळू दिला नाहीत."

सगळे माझ्याकडे वळले. दोन-अडीचशे माणसं. वीज नसल्याने कुणीतरी कंदील वर धरला.

मी चालत त्याच्यापाशी गेले. त्याचा तो काळा, गार हात हातात घेतला. या वेळी जोरात धरला.

"हो," मी म्हणाले. "मलाही तू आवडतोस. मघाशी पावसात उभा राहिलास ना, तेव्हापासून. कदाचित त्याच्याही आधीपासून, पण ते मी तुला कबूल करणार नाही."

"ऐकू येत नाही!" पातेल्याजवळून कुणीतरी ओरडलं.

मग मी पालो ब्लांकोकडे वळले, श्वास भरून घेतला, आणि नवव्या इनिंगच्या आवाजात ओरडले – "हो!"

भांडी अशी वाजली की डोंगराच्या दुसऱ्या बाजूची कुत्री भुंकायला लागली. अरिस्मेंडीने मला उचललं, गरकन एक गिरकी घेतली, आणि खाली ठेवताना पुन्हा माझ्या पायावर उभा राहिला. मी पाय तिथेच राहू दिला. त्याच्या गळ्यात हात टाकले, आणि सगळ्या गावासमोर, त्याच्या आईसमोर, त्याचं चुंबन घेतलं.